जिभेची साक्ष

माझ्या बायकोने माझ्या चहाला पहिल्यांदा 'छान' म्हटलं, त्या दिवशी मी घाबरलो.

त्याला कारण आहे. चहा सगळेच पितात, माझी बायको चहा चाखते, आणि त्याचा तिला पगार मिळतो. चहा मिसळून पाकिटांत भरणाऱ्या एका कंपनीत ती लग्नाआधीपासून आहे. पान कुठल्या मळ्यातलं, वाळवताना कोणी घाई केली का, पेटी ओलसर खोलीत पडून होती का, हे सगळं ती एका घोटात सांगते आणि तो घोट थुंकून टाकते. ऑफिसात तिला सगळे पाठीमागे 'जीभ' म्हणतात. मी फोन केला तर तिथला माणूस बिनदिक्कत सांगतो, "जीभ मीटिंगमध्ये आहे."

घरात चहा करायला मला बंदी होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी केलेला चहा तिने तोंडात घेतला, शांतपणे खिडकीपाशी गेली आणि कुंडीत थुंकली. ती कुंडी पुढे सुकली. तिचं म्हणणं चहामुळे, माझं म्हणणं ती पाणी घालायला विसरायची. हा वाद अजून मिटलेला नाही.

मी चष्म्याचं दुकान चालवतो. डोळे तपासतो, भिंगं बसवतो, लोक ज्यांच्यावर बसलेले असतात ते चष्मे सरळ करून देतो. चवीच्या बाबतीत मात्र मी दगड आहे. एकदा साखरेऐवजी मीठ पडलेला चहा मी कपभर पिऊन वर म्हणालो होतो की आज काहीतरी वेगळं आहे, बरं लागतंय. ही गोष्ट ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही तिने सांगितली होती.

गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. शब्द एकदा लिहून टाकला म्हणजे पुढे बोलायला मी मोकळा. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि दुखणं परत येऊ नये म्हणून सहा केमो घ्यायचे ठरले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की सहाही पूर्ण करा, चांगली आशा आहे. मध्येच सोडलेत तर ती आशा बरीच कमी होईल. मी मान डोलावली. तिनेही डोलावली. तेव्हा वाटलं होतं, प्रश्न सुटला.

बातमी कळताच माझी थोरली बहीण, आमची ताई, मुक्कामाला आली. कपड्यांची पिशवी लहान आणि रस काढायचं यंत्र मोठं. ते यंत्र तिने स्वयंपाकघरात असं मांडलं की फ्रिजचं दार निम्मंच उघडू लागलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पहाटेपासून घरघर सुरू. बीट, गाजर, दुधी, पालक, आणि एक हिरवा रस ज्यात काय होतं ते तिने कधीच सांगितलं नाही. फोनवर आलेले निरोप ती मोठ्याने वाचून दाखवायची. साखर बंद, कारण साखर म्हणजे त्या रोगाचं खाद्य. दूध बंद. शिजवलेलं शक्यतो बंद. अमुक एका बाईने नुसत्या रसावर राहून गाठ विरघळवली, डॉक्टर तोंडात बोट घालून बघत राहिले.

"कुठली बाई?" मी विचारलं.

"आहे एक. फोटोसकट आलंय."

"फोटोत गाठ दिसते का?"

"तू दुकानात जा," ताई म्हणाली.

पहिल्या केमोनंतर बायकोला मळमळीने जीव नकोसा केला. हॉस्पिटलात याच विषयावर एक संशोधन चालू होतं. मळमळीच्या नेहमीच्या औषधांच्या जोडीला सुंठीची कॅप्सूल घेतली तर फरक पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. हे काम बघणारी मुलगी पोरसवदा दिसायची, पण होती चांगली पदवी घेतलेली आहारतज्ज्ञ. तिच्या खोलीच्या एका बाजूला श्वासाचे व्यायाम करून घेणारी खोली, दुसऱ्या बाजूला मालिशची. सगळीकडे कसलं ना कसलं मोजमाप चालू. आम्ही तिचं नाव कॅप्सूलबाई ठेवलं. ती आम्हाला काका-काकू म्हणायची.

ताई बरोबर आली होतीच. खुर्चीवर नीट बसायच्या आधी तिने विचारलं, "रसाने बरं होतं की नाही, ते सांगा."

कॅप्सूलबाई हसली नाही, हे मला आवडलं. "भाज्या, फळं, कडधान्यं खाणं, वजन आटोक्यात ठेवणं, चालणं, दारू-तंबाखूपासून लांब राहणं, यांनी काही प्रकारचे कॅन्सर होण्याचा धोका कमी होतो. तेवढं आम्ही खात्रीने सांगतो. झालेला कॅन्सर कुठल्याही आहाराने बरा होतो असं मात्र अजून कोणी दाखवलेलं नाही. आत्ता काकूंचं काम एकच, ताकद टिकवायची. जे पोटात राहील ते खायचं. थोडी साखर चालेल. पूड, काढे, अर्क असलं काही द्यायचं असेल तर आधी आम्हाला विचारा, काही गोष्टी औषधांच्या आड येतात."

"म्हणजे रस नको?"

"रस द्या की. पण जेवणाच्या ऐवजी नको, आणि औषधाच्या ऐवजी तर मुळीच नको."

ताईने 'मुळीच नको' तेवढं सोडून बाकीचं ऐकलं.

मग कॅप्सूलबाईने नियम समजावला. निम्म्या लोकांना सुंठीची कॅप्सूल, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत निरुपद्रवी पीठ असलेली. कोणाला कोणती, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि तिलाही नाही. यादी औषधांच्या खोलीत कुलूपबंद. मला हा सगळा आंधळा कारभार वाटला, पण बायकोचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला.

"अरे, आम्ही रोज हेच करतो," परतताना ती मला सांगू लागली. "कपाच्या बुडाखाली आकडा. कुठला चहा कुठल्या कपात ते चाखणाऱ्याला माहीत नसतं. नाव कळलं की जीभ खोटं बोलायला लागते. महागाचा आहे कळलं की लगेच गोडवा जाणवतो. म्हणून नाव झाकायचं, मग चाखायचं." घरापर्यंत तिचं हेच चाललं होतं. मी ऐकत होतो. तिला असं बोलताना ऐकून मला फार बरं वाटत होतं.

कॅप्सूल सुरू झाल्या आणि दुसऱ्या केमोनंतर मळमळ खरंच पुष्कळ कमी झाली. ती भात खाऊ लागली, अंडं खाऊ लागली, माझ्यावर डाफरू लागली. "सुंठीचा गुण," ती म्हणायची. ताई म्हणायची, रसाचा गुण. मी म्हणायचो, कोणाचा का असेना, त्याला माझा नमस्कार सांगा.

पण तोंडाची चव बिघडत चालली होती. आधी चहा नाण्यासारखा लागायला लागला, मग कशासारखाच लागेना. तिला उठून करवत नव्हतं म्हणून माझी बंदी उठली आणि मी रोज चहा करू लागलो. पहिल्या दिवशी मी कप दिला आणि सवयीने खिडकीच्या वाटेतून बाजूला झालो. तिने घोट घेतला. गिळला. म्हणाली, "छान आहे."

मी त्या चहात काय केलं होतं ते मलाच माहीत. तो छान असणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या केमोनंतर जरा बरं वाटल्यावर ती हट्टाने ऑफिसला गेली. मी सोडायला गेलो आणि दारातून बघत राहिलो. लांब टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, खिडकीतून येणारा सरळ उजेड, शेजारी थुंकायचं चाकांचं उंच भांडं. तिने चमचा उचलला, नेहमीसारखा सुर्रकन आवाज केला, थुंकली आणि पुढच्या कपाकडे गेली. मग पुन्हा मागे आली. मग त्याच्याही मागच्या कपाकडे. रांगेच्या टोकाला पोचल्यावर तिने चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, "चल, घरी जाऊ."

संध्याकाळी मी दुकानातून आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात बसली होती. समोर बशी, बशीत उघडलेली कॅप्सूल. ज्या बाईने मला आंधळ्या चाचणीवर व्याख्यान दिलं होतं, तिनेच कॅप्सूल फोडून जिभेवर घातली होती. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं. पण जिने आयुष्यभर समोर येईल ते चाखलं, तिच्या हाताला धीर कसा धरवणार?

"काहीच नाही," ती म्हणाली. "सुंठ आहे ही. सुंठ तर तुलासुद्धा कळेल. मला काहीच लागलं नाही. जीभ मेली माझी."

"डॉक्टर म्हणाले होते ना, चव परत येते म्हणून?"

"बहुतेकांची येते, असं म्हणाले. बहुतेकांना मीठ-तिखट कळलं की पुरतं. मला तेवढं पुरणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौथा केमो मी घेणार नाही. तीन झाले तेवढे बास. जी थोडीफार उरली असेल ती तरी राहू दे."

मी रागावलो. माझं तसंच होतं, भीती वाटली की आवाज चढतो. म्हटलं, जीभ राहिली आणि तूच नाही राहिलीस तर त्या जिभेचं करू काय? ती म्हणाली, ओरडू नकोस. तेवढ्यात ताई आतून आली आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "अगं, मी कधीची सांगतेय. सोड ते विष. उद्यापासून फक्त रस."

चौथा केमो चार दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं लक्ष नव्हतं. एक गृहस्थ डोळे तपासायला आले होते, प्रत्येक भिंगाला 'अजून थोडं' म्हणणाऱ्यांपैकी. अशांसाठी माझी एक जुनी युक्ती आहे. भिंग काढायचं, पुसल्यासारखं करायचं आणि तेच परत बसवायचं. मी तसंच केलं आणि विचारलं, "आता?"

"वा," ते म्हणाले. "आता कसं स्वच्छ दिसतंय."

मी भिंग हातात धरून तसाच उभा राहिलो. त्यांना खरंच स्वच्छ दिसत होतं, ते काही खोटं बोलत नव्हते. बायको तरी दुसरं काय म्हणत होती? मळमळ कमी झाली, म्हणजे कॅप्सूलमध्ये सुंठ आहे; सुंठ आहे आणि लागत नाही, म्हणजे जीभ मेली. सगळं घर त्या पहिल्या विटेवर उभं होतं, आणि ती वीट कोणी तपासलीच नव्हती. मी दुकान लवकर बंद केलं.

घरी येऊन बशीत उरलेली पूड मी बोटावर घेऊन चाखली. काही नाही. पिठासारखं पीठ. जीव भांड्यात पडला, आणि लगेच परत वर आला, कारण मी चाखलं म्हणजे कोणीच चाखलं नाही. तरी तिला सांगितलं.

ती हसली. कितीतरी दिवसांनी, अगदी पोटातून. "तुझ्या जिभेची साक्ष? मीठ घातलेला चहा पिणाऱ्याची?"

"सुंठ मलासुद्धा कळेल, असं तूच काल म्हणालीस."

"बोलायची पद्धत असते ती. मळमळ थांबली ना? मग पिठाने थांबली का?"

मी कॅप्सूलबाईला फोन करून सगळं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, कॅप्सूल उघडू नका असं मी प्रत्येकाला सांगते. आता हे मला लिहून ठेवावं लागेल."

"लिहा. पण आत काय आहे तेवढं सांगा."

"मला माहीत नाही, खरंच. जिवावर बेतलं तरच कुलूप उघडतात."

"ही केमो सोडतेय. जिवावर याहून जास्त काय बेतायचं?"

"मी आज डॉक्टरांशी बोलते आणि विचारते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला होता. "पण कुलूप उघडून कागदावरचं उत्तर दाखवलं तर काकूंना पटेल का, ते बघा. त्या फार बारकाईच्या आहेत."

पटलं नसतं. समजूत घालायला खोटा कागद केला म्हणाली असती. मी तिला ओळखतो. तिला दुसऱ्याचं सांगणं कधीच पटत नाही, तिला कप लागतो. मग मी ठरवलं की तिची समजूत घालायची नाही, तिला चिडवायचं.

रात्रीच्या जेवणाला मी सहज म्हटलं, "तुमच्या ऑफिसात एकच कप चाखून निकाल देतात, हे मला माहीत नव्हतं."

तिचा घास थांबला. "काय?"

"एकच कॅप्सूल चाखलीस. शेजारी खऱ्या सुंठीचा कप नाही, साध्या पाण्याचा नाही. नाव आधी ठरवलंस, सुंठ, आणि मग चाखलीस. एखाद्या शिकाऊ पोरीने तुझ्यासमोर असं केलं असतं तर तू काय केलं असतंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला ठाऊक आहे. त्यानंतर बहुतेक वेळा मला ऐकून घ्यावं लागतं. या वेळी ती म्हणाली, "हाकलून दिलं असतं."

सकाळी तिने टेबल रिकामं करायला लावलं. रसाचं यंत्र जमिनीवर गेलं, ताई कुरकुरली. तीन सारखे पांढरे कप निघाले. ताईला आणि मला बाहेर उभं करून तिने दार लावलं. एका कपात कॅप्सूलची पूड, एकात डब्यातल्या सुंठीची तेवढीच पूड, एकात नुसतं कोमट पाणी. आकडे बुडाखाली. रंगावरून ओळखू नये म्हणून तिने खिडकीचा पडदा ओढला आणि आमच्या डोळ्यांवर एकेक ओढणी बांधली. तिच्या हातात तोच जुना तडफदारपणा आला होता. ओढणी बांधताना माझे केससुद्धा ओढले.

चाखणारे दोघे. मी, ज्याची साक्ष चालत नाही. आणि ताई, जिची चालते. कारण ताईला लहानपणापासून आल्याचं, सुंठीचं वावडं. जराशी पोटात गेली की उचकी लागते, आणि लागली की घरभर ऐकू येते. बायकोला हे माहीत होतं. म्हणूनच तिने ताईला बसवलं होतं.

"हे सगळं कशाला?" ताई म्हणाली. "मला रस काढायचाय."

"ताई, एकेक घोट घ्या, मग काय काढायचं ते काढा."

पहिला कप. ताई म्हणाली, "पाणी." मी म्हणालो, "पाणी."

दुसरा कप. ताईने घोट घेतला, जरा थांबली. "पीठ कालवलेलं पाणी. कपडे खळीत घालायचेत का?" मी म्हणालो, "मलाही तसंच वाटतंय." बायकोचा श्वास तेवढा मला ऐकू येत होता.

तिसरा कप. ताईने घोट घेतला आणि तिला 'अगं' म्हणायचं होतं, पण मध्येच उचकी आली. मग दुसरी, मग तिसरी. माझ्याही घशात जाळ झाला आणि मी ओरडलो, "ही सुंठ." जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी बरोबर चाखलं होतं.

आम्ही ओढण्या काढल्या. बायको एकेक कप उचलून बुडाखालचा आकडा बघत होती. तिने दुसरा कप पुन्हा पुन्हा उचलून पाहिला.

"कॅप्सूल दुसऱ्या कपात होती," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून, "म्हणजे मला पिठाने बरं वाटलं?"

"आणि नेहमीच्या औषधाने," मी म्हटलं.

"दोन महिने मी पिठाचं कौतुक करत होते?" ती खरोखर संतापली होती, आणि तिला संतापलेलं बघून मी किती खूश झालो ते सांगता येत नाही. "सगळ्या वॉर्डाला सांगितलंय मी, सुंठ घ्या म्हणून."

मग तिने तिसरा कप उचलला. आम्ही दोघंही गप्प झालो, म्हणजे मी गप्प झालो, ताई उचक्या देत राहिली. तिने डोळे मिटले, सुर्रकन घोट घेतला, तोंडात फिरवला. थुंकली नाही.

"चव नाही," ती म्हणाली. माझे खांदे पडले. "पण थांब. घशात मागे… जळतंय. थोडंसं. डाव्या बाजूला जास्त." तिने आणखी एक घोट घेतला. "हो. तिखट आहे. कळतंय मला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुंठीचं होतं असं ती आजही म्हणते.

"झोपलीय ती," मी म्हणालो. "मेलेली नाही."

"चूप बस, निकाल मी देणार," ती म्हणाली. आणि नाक पुसून तिने निकाल दिला, "परवा किती वाजता जायचंय?"

ताई पाणी पिऊन आली तोवर सगळं ठरलं होतं. तिला ते आवडलं नाही. बायको तिला म्हणाली, "ताई, तुमच्या रसाचीही अशीच चाचणी घेऊ या. एका ग्लासात तो, एकात दुसरा कुठला तरी." ताईने यंत्र पुन्हा टेबलावर ठेवलं, पण चालू केलं नाही. तिथेच बसून राहिली.

"आई गेली तेव्हा मी काहीच करू शकले नव्हते," ती एकाएकी म्हणाली. मध्येच एक उचकी आली. "तिलाही हेच होतं. मी नुसती कॉटजवळ बसून असायचे. या वेळी हातांना काहीतरी काम हवं होतं मला."

हे मला माहीत नव्हतं. मी तिचा सख्खा भाऊ, आणि इतके दिवस मला ते यंत्रच तेवढं दिसत होतं. बायको उठली, ताईच्या शेजारी बसली. "मग काम देते की. मला रोज दुपारी मऊ वरणभात करून द्या, अंडं उकडून द्या. आणि सकाळी एक ग्लास रस. पण गाजराचाच. तो हिरवा तुम्ही प्या."

"तो हिरवा मलाही जात नाही," ताई म्हणाली. मग आम्ही तिघंही हसलो, ताई उचक्यांच्या अधूनमधून.

चौथा केमो झाला. त्या दिवशी बायकोने कॅप्सूलबाईसमोर बसून सगळं कबूल केलं, अगदी कप कसे मांडले तेही. "मला तुमच्या संशोधनातून काढून टाका," ती म्हणाली. "मी नियम मोडलाय."

"काढत नाही," कॅप्सूलबाई म्हणाली. "तुमच्यासारखी माणसंही मोजावी लागतात. नियम मोडणाऱ्यांना वगळलं तर आमचा निकाल उगाच गोंडस दिसेल. शेवटी आम्ही सगळ्यांना विचारतो की तुमच्या मते तुम्ही काय घेत होतात. तुम्ही खरं ते सांगा."

"आणि सुंठीचा काहीच उपयोग नाही असं निघालं तर?"

"तर तसं लिहू."

बायकोला ही मुलगी तेव्हापासून फार आवडायला लागली. उरलेल्या कॅप्सूल तिने वेळच्या वेळी घेतल्या. पीठ आहे हे माहीत असूनही. म्हणायची, शब्द दिलाय. मळमळ नंतरही तितकीशी झाली नाही. यावर मी काही बोलायचं नाही असं मला बजावलेलं होतं. निकाल अजून यायचा आहे. मोजणी चालू आहे.

पाचवा झाला, सहावा झाला. ताई यंत्र आमच्याकडेच ठेवून घरी गेली. फ्रिजचं दार अजून निम्मंच उघडतं. तपासण्या चांगल्या आल्या. केस आले, आधी होते त्याहून कुरळे, आणि तिला ते आवडले. ऑफिसने तिला कागदपत्रांच्या कामावर घेतलं. चव मात्र येते येते म्हणत होती आणि येत नव्हती. कधी आंबट कळायचं, कधी गोड. चहा कळत नव्हता. मी रोज सकाळी चहा करायचो. ती रोज म्हणायची, "छान आहे." ती हे चांगुलपणाने म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मला पहिल्या दिवसासारखीच भीती वाटायची. केमो पूर्ण झाले, जीव वाचला, आणखी काय मागायचं असं मी स्वतःला समजवायचो. पण माझी खरी बायको चहाला छान म्हणत नाही.

मग परवाची सकाळ. मला दुकानात लवकर जायचं होतं. घाईघाईत चहा केला, तिला कप दिला आणि चष्म्यांची पेटी भरू लागलो. तिने घोट घेतला. मला गिळल्याचा आवाज आला नाही.

मी वर बघितलं. तिचे गाल फुगलेले होते, भुवया वर गेलेल्या होत्या. ती उठली, घाई न करता खिडकीपाशी गेली आणि कुंडीत थुंकली.

"हे पाणी कालचं आहे," ती म्हणाली. "किटलीत उरलेलं परत उकळलंस. आणि पूड टाकल्यावर झाकण ठेवलं नाहीस. आणि गाळणं नीट धुतलेलं नाही, त्याला साबण आहे."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि मग ती काय बोलली ते तिच्याही लक्षात आलं. तिने हळूच हात तोंडावर ठेवला.

"अजून एकदा सांग," मी म्हणालो.

"भिकार चहा आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. "इतका भिकार चहा मी आयुष्यात प्यायले नाही."

मी दुकान उशिरा उघडलं. त्या दिवसापासून चहा करायची मला पुन्हा बंदी आहे.